शिवसेनेतील फूट (२०२२) आणि कार्यकारी सत्तेचा प्रश्न

जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातील शिवसेना या पक्षात पडलेली फूट, तिच्यामुळे झालेले सत्तांतर आणि त्यातून राज्यपाल, विधानसभा अध्यक्ष व निवडणूक आयोग यांच्या अधिकारांविषयी उपस्थित झालेले घटनात्मक प्रश्न यांचा परामर्श या लेखात घेतला आहे. प्रादेशिक अस्मिता व हिंदुत्व या दोन सूत्रांवर उभ्या असलेल्या उजव्या विचारसरणीच्या पक्षातील हा अंतर्गत संघर्ष होता. त्याचा निकाल मात्र पक्षाच्या सभेत न लागता राजभवन, विधानभवन, आयोग आणि न्यायालय अशा चार ठिकाणी लागत गेला. एकट्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात या पक्षाचे तीन आमदार व एक खासदार होते आणि ते दोन गटांत समसमान विभागले गेले. त्यामुळे संपूर्ण प्रकरण समजून घेण्यास हा जिल्हा सोयीचा ठरतो.

पार्श्वभूमी

बाळ ठाकरे यांनी १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना केली. आरंभी मराठी माणसाच्या नोकरीचा प्रश्न हाती घेतलेली ही संघटना १९८० नंतरच्या दशकात हिंदुत्वाकडे वळली आणि १९८९ मध्ये तिने भारतीय जनता पक्षाशी युती केली. संघटनेची रचना नेत्याच्या शब्दावर चालणारी होती. मतभेदाला पक्षांतर्गत निवडणुकीची वाट नसली, की त्याला बाहेर पडण्याचीच वाट उरते. छगन भुजबळ (१९९१), नारायण राणे (२००५) आणि राज ठाकरे (२००५) यांची निर्गमने याच प्रकारची होत.

यांपैकी भुजबळांचे प्रकरण कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला जोडलेल्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, त्या वेळी एक सवलत होती: विधिमंडळ पक्षाचे एकतृतीयांश सदस्य फुटले तर ते अपात्र ठरत नसत. शिवसेनेचे तेव्हा ५२ आमदार होते आणि भुजबळांच्या गटाने १८ ची संख्या दाखविली. अध्यक्षांनी ती फूट मान्य केली, जरी त्यांतील काही आमदार लगेच माघारी फिरले. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ही सवलत रद्द केली. आता दोनतृतीयांश सदस्यांनी दुसऱ्या पक्षात विलीनीकरण मान्य केले तरच संरक्षण मिळते. ‘फूट’ या शब्दाला कायद्यात स्थान उरले नाही. २०२२ च्या वादाचा उगम या एका बदलात आहे. बाहेर पडणाऱ्यांना दुसऱ्या पक्षात जायचे नव्हते आणि फुटीला संरक्षण नव्हते. म्हणून ‘आम्ही फुटलेलो नाही, आम्हीच मूळ पक्ष आहोत’ असे म्हणण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते.

ऑक्टोबर २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत भाजपला १०५ व शिवसेनेला ५६ जागा मिळाल्या. मुख्यमंत्रिपदाच्या वाटपावरून युती तुटली. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागू झाली आणि २३ नोव्हेंबरच्या सकाळी देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी झाला. सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीचा आदेश देताच ते सरकार पायउतार झाले आणि २८ नोव्हेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे यांनी काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेसच्या पाठिंब्यावर मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. वैचारिकदृष्ट्या भिन्न पक्षांशी केलेली ही आघाडी हेच पुढे बंडाचे जाहीर कारण सांगितले गेले. निधीवाटप, मंत्रिपदे आणि मुख्यमंत्र्यांची भेट न मिळणे याही तक्रारी होत्या. कोणते कारण मुख्य आणि कोणते तोंडी लावण्यापुरते, याविषयी अभ्यासकांत एकमत होणे कठीण आहे.

दहा दिवसांचा घटनाक्रम

२० जून २०२२ रोजी विधान परिषदेच्या दहा जागांची निवडणूक झाली आणि भाजपचे पाचही उमेदवार विजयी झाले. त्याच रात्री नगरविकास मंत्री एकनाथ शिंदे काही आमदारांसह सुरतेकडे गेले. उस्मानाबादचे आमदार कैलास पाटील या प्रवासात होते. मात्र गुजरातच्या सीमेजवळ आपण गाडीतून उतरून अंधारात पायी आणि मिळेल त्या वाहनाने मुंबईस परतलो, असे त्यांनी नंतर सांगितले. परांड्याचे आमदार तानाजी सावंत व उमरग्याचे आमदार ज्ञानराज चौगुले शिंदे यांच्याकडे राहिले. खासदार ओमराजे निंबाळकर ठाकरे यांच्या बाजूस राहिले.

परांडा मतदारसंघातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे सर्वत्र परिचित आहे. सावंत यांच्या समूहाचा भैरवनाथ साखर कारखानाही याच गावी आहे. फडणवीस मंत्रिमंडळात २०१९ मध्ये काही महिने मंत्री राहिलेल्या सावंतांना ठाकरे मंत्रिमंडळात स्थान मिळाले नव्हते. ते पुढे शिंदे सरकारात आरोग्यमंत्री झाले. ज्या भागात आमदार, उसाचे गाळप आणि मंत्रालयातील कामे ही एकाच दोरीत ओवलेली असतात, तेथे ‘आमदार कोणत्या गटात’ हा प्रश्न मुंबईतील वादापुरता राहत नाही, हे ग्रामीण वाचकास वेगळे सांगावयास नको.

२१ जूनला ठाकरे गटाने शिंदे यांना गटनेतेपदावरून दूर करून अजय चौधरी यांची नेमणूक केली. सुनील प्रभू प्रतोद होतेच. शिंदे गटाने उलट ठराव करून शिंदे यांनाच गटनेता व भरत गोगावले यांना प्रतोद ठरविले. प्रतोद म्हणजे पक्षाचा मतदानविषयक आदेश काढणारा सदस्य. हा आदेश मोडणारा आमदार अपात्र ठरू शकतो. त्यामुळे खरा प्रतोद कोण, यावर कोण अपात्र ठरणार हे अवलंबून होते.

उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी २५ जूनला १६ आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या. उत्तरासाठी दोनच दिवस दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत १२ जुलैपर्यंत वाढविली. शिंदे गटाचा आधार ‘नबाम रेबिया’ खटल्याचा २०१६ चा निकाल होता: ज्या पीठासीन अधिकाऱ्याला पदावरून दूर करण्याची सूचना प्रलंबित आहे, त्याने अपात्रतेचा निर्णय देऊ नये. तशी सूचना झिरवाळांविरुद्ध आधीच पाठविण्यात आली होती. पीठासीन अधिकाऱ्याचे हात बांधावयाचे असतील तर आधी त्याच्याविरुद्ध एक पत्र धाडावे, असा या निकालाचा व्यवहारात अर्थ होऊ लागला होता.

२८ जूनला विरोधी पक्षनेते फडणवीस राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांना भेटले. राज्यपालांनी ३० जूनला बहुमत सिद्ध करण्यास सांगितले. २९ जूनच्या रात्री न्यायालयाने त्या चाचणीस स्थगिती नाकारली आणि काही मिनिटांतच ठाकरे यांनी राजीनामा जाहीर केला. ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री व फडणवीस उपमुख्यमंत्री झाले. ३ जुलैला राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी विधानसभेचे अध्यक्ष निवडले गेले. हे पद फेब्रुवारी २०२१ पासून रिक्त होते. आधीच्या सरकारने निवडणुकीच्या नियमांत बदल केल्यावर राज्यपालांनी हरकत घेऊन निवडणुकीस संमती दिलेली नव्हती. नव्या सरकारच्या शपथविधीनंतर ती तीन दिवसांत पार पडली. ४ जुलैला सरकारने १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वासमत जिंकले.

नावाचा निर्णय, दोनदा

राजीनाम्यापूर्वी काही तास, २९ जूनला, ठाकरे मंत्रिमंडळाची अखेरची बैठक झाली. तीत औरंगाबादचे संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव असे नामांतर मंजूर करण्यात आले. राज्यपालांनी बहुमत सिद्ध करण्यास सांगितल्यानंतर घेतलेला हा निर्णय वैध नाही, अशी भूमिका नव्या सरकारने घेतली आणि १६ जुलैला तोच निर्णय नव्याने केला. फरक एवढाच, की संभाजीनगरापूर्वी ‘छत्रपती’ हा शब्द आला.

येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. नवा निर्णय करणाऱ्या मंत्रिमंडळात मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री असे दोघेच होते, कारण विस्तार ९ ऑगस्टपर्यंत झाला नव्हता. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४(१क) नुसार राज्यातील मंत्र्यांची संख्या बारापेक्षा कमी असू नये आणि ही तरतूदसुद्धा २००३ च्या त्याच ९१ व्या घटनादुरुस्तीने आली आहे. म्हणजे बहुमताबद्दल शंका असलेल्या पूर्ण मंत्रिमंडळाचा निर्णय बाजूस सारून, बहुमत असलेल्या परंतु दोघांच्याच मंत्रिमंडळाने तो पुन्हा केला. दोन्ही गट नामांतराच्या बाजूचे होते. वाद केवळ श्रेयाचा व अधिकाराचा होता. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराच्या नावास मान्यता दिली, सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याच्या नावाची अधिसूचना निघाली आणि मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नामांतराविरुद्धच्या याचिका फेटाळल्या.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल

सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी एकमताने निकाल दिला. त्यातील मुद्दे ठाकरे गटाच्या बाजूने दिसतात आणि परिणाम शिंदे गटाच्या बाजूने. म्हणूनच त्या दिवशी दोन्ही गटांनी पेढे वाटावेत अशी स्थिती होती.

सरकारने बहुमत गमावले असे मानण्यास राज्यपालांपुढे वस्तुनिष्ठ आधार नव्हता, असे पीठाने म्हटले. आमदारांच्या पत्रांत सुरक्षेची काळजी व पक्षनेतृत्वाविषयीची नाराजी होती. पाठिंबा काढून घेतल्याचे विधान नव्हते. पक्षातील भांडण मिटविण्याचे साधन म्हणून बहुमत चाचणी वापरता येत नाही. प्रतोद व गटनेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. म्हणून गोगावले यांच्या नेमणुकीस अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा ठरली. तथापि ठाकरे यांनी चाचणीस सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे पूर्वीचे सरकार पुन्हा स्थापित करता येत नाही, आणि सर्वांत मोठ्या पक्षाचा पाठिंबा असलेल्या शिंदे यांना पाचारण करणे योग्यच होते, असेही ठरले. १६ आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी वाजवी मुदतीत द्यावा असे सांगून पीठाने ‘नबाम रेबिया’चा फेरविचार सात न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविला.

राज्यपालांची कृती चुकीची, पण तिचा परिणाम कायम, हे विद्यार्थ्यांना विसंगत वाटते. त्याचे उत्तर संसदीय पद्धतीच्या स्वरूपात आहे. मुख्यमंत्री सभागृहाच्या विश्वासावर पदावर असतो. त्याने स्वतः पद सोडले तर न्यायालयापुढे पुनःस्थापित करण्याजोगे काही उरत नाही. ठाकरे चाचणीत हरले असते, तर ती चाचणीच रद्द ठरविणे न्यायालयास शक्य होते. राजीनाम्याने तो मार्ग बंद झाला.

पक्ष कोणाचा?

निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये धनुष्यबाण हे चिन्ह गोठविले आणि १७ फेब्रुवारी २०२३ रोजी नाव व चिन्ह शिंदे गटास दिले. २०१९ मध्ये निवडून आलेल्या आमदारांपैकी ५५ त्या वेळी उरले होते. त्यांतील ४० आणि लोकसभेतील १३ सदस्य शिंदे यांच्याकडे होते. पक्षघटनेची कसोटी आयोगाने निर्णायक मानली नाही, कारण पक्षाची २०१८ ची घटना पुरेशी लोकशाही स्वरूपाची नाही, असे त्याचे मत झाले. संघटनेत निवडणुका टाळण्याची जुनी सवय येथे ठाकरे गटास भोवली. १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष नार्वेकर यांनी १९९९ ची पक्षघटना ग्राह्य धरून शिंदे गटच खरी शिवसेना असल्याचा निर्णय दिला आणि दोन्हीकडील एकाही आमदारास अपात्र ठरविले नाही.

पक्षघटना, प्रतोद व पक्षादेश यांना येथे जे महत्त्व आले ते सर्वत्र नसते. अमेरिकेत ३ ऑक्टोबर २०२३ रोजी रिपब्लिकन पक्षाच्या आठ सदस्यांनी विरोधकांबरोबर मतदान करून आपल्याच पक्षाचे प्रतिनिधिगृह अध्यक्ष केविन मॅकार्थी यांना २१६ विरुद्ध २१० मतांनी पदच्युत केले. त्या आठपैकी कोणाचेही सदस्यत्व त्या मतामुळे गेले नाही, कारण तेथे पक्षांतरबंदी कायदा नाही. शिवाय तेथील कार्यकारी सत्ता थेट राष्ट्राध्यक्षाकडे असल्याने सभागृहातील अशा फुटीने सरकार कोसळत नाही. आपल्याकडे सभागृहातील प्रत्येक मताला सरकारची नाडी जोडलेली असते. म्हणून मत देण्याचे स्वातंत्र्य कायद्याने आवळलेले आहे आणि ती गाठ सोडण्याचा अधिकार बहुधा सत्तारूढ पक्षातूनच आलेल्या अध्यक्षाकडे आहे.

निवडणुकांतील परिणाम

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ओमराजे निंबाळकर ठाकरे गटाच्या मशाल चिन्हावर तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यभर चित्र उलटे होते: शिंदे गटास ५७ व ठाकरे गटास २० जागा मिळाल्या. धाराशिव जिल्ह्यात मात्र ठाकरे गटाचे कैलास पाटील पुन्हा विजयी झाले, उमरग्यात ज्ञानराज चौगुले त्याच गटाच्या प्रवीण स्वामी यांच्याकडून पराभूत झाले आणि परांड्यात तानाजी सावंत अत्यल्प मताधिक्याने निवडून आले. डिसेंबर २०२४ मध्ये विस्तारलेल्या फडणवीस मंत्रिमंडळात सावंत यांचा समावेश झाला नाही.