शेवटचा भाग मुलांनीं वाचावा काय?

उन्हाळ्याच्या सुटींत मेहकरला आमच्या घरीं नातवंडें जमलीं आणि माळ्यावरच्या पेटींत त्यांना ‘अमर चित्र कथा’ मालेंतील महाभारत सांपडलें. १९८५ ते १९८९ या काळांत ४२ भागांत निघालेलें हें इंग्रजी सचित्र महाभारत मीं शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारांतून एकेक भाग घेऊन जमविलें होतें. संपादक अनंत पै, आणि चित्रें मुख्यतः दिलीप कदम यांचीं.

मुलांनीं एक्केचाळीस भागांचा आठवड्यांत फडशा पाडला. ‘स्वर्गांतील पुनर्मीलन’ अशा अर्थाच्या नांवाचा शेवटचा भाग हातीं घेतला, तोंच सूनबाई म्हणाली, “मामंजी, हा राहूं द्या. सगळेच मरतात, मुलें हिरमुसतील.” आमच्या अक्कांनींहि दुजोरा दिला, “महाभारत घरांत शेवटास नेऊं नये. कलह लागतो.”

वाचकहो, हा प्रश्न पुष्कळ घरीं पडत असेल. आपलीं मुलें हल्लीं अमेरिकेंतील अतिमानवांच्या संघांवर लुब्ध आहेत. १९६३ सालीं निघालेल्या ‘अव्हेंजर्स’सारख्या चित्रकथांत पडलेला वीर पुढें केव्हां तरी पुन्हां उठून उभा राहतो. पुढचा अंक काढावयाचा असतो. त्यामुळें कथेला खरा शेवट असा क्वचितच येतो. व्यासांनीं आपल्या वीरांना ही सवलत दिली नाहीं.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या, १९६६ सालीं पूर्ण झालेल्या चिकित्सित आवृत्तींत शेवटचीं दोन पर्वें मिळून अवघे ८ अध्याय आहेत. परंतु सर्व हिशेब तेथेंच चुकता होतो. हिमालयाच्या वाटेवर प्रथम द्रौपदी पडते. मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि भीम. भीम प्रत्येक वेळीं कारण विचारतो आणि धर्मराज सांगतो. द्रौपदीचा अर्जुनाकडे अधिक ओढा, सहदेवाला बुद्धीचा गर्व, नकुलाला रूपाचा, अर्जुनाला शौर्याचा. भीमाचा स्वतःचा दोष अतिभोजन व बळाची बढाई.

धर्मराजहि सुटत नाहीं. स्वर्गांत दुर्योधनाला वैभवांत बसलेला पाहून तो संतापतो. येथें वैर उरत नाहीं, असें नारद समजावितात, तरी तो ऐकत नाहीं. भावांच्या शोधांत जातो, तों नरकांतून त्यांचेच आर्त स्वर ऐकूं येतात, आणि तो तेथेंच राहण्याचें ठरवितो. मागाहून इंद्र सांगतो कीं, अश्वत्थाम्याच्या नांवें द्रोणाला फसविल्याबद्दल हें नरकदर्शन घडलें. आकाशगंगेंत स्नान केल्यावर त्याचें वैर गळतें, आणि मग सर्वांची भेट होते.

हें सारें मुलांना समजावून सांगितल्यावर धाकट्या नातवानें विचारलें, “आजोबा, त्यांनीं वैर आधींच सोडलें असतें तर?”

मला उत्तर सुचेना. शेताच्या बांधावरून सात वर्षें सख्ख्या भावाशीं माझें बोलणें नव्हतें. पुस्तक पेटींत बंद असतांनाहि कलह घरांत शिरलाच होता.

दुसऱ्या दिवशीं नातवाला घेऊन मी चिखलीला भावाकडे गेलों. बांधाचा निकाल अजून लागावयाचा आहे. पण आम्हीं एका पंक्तीला जेवलों. म्हणून सांगतों, मुलांना शेवटचा भाग अवश्य वाचूं द्यावा, आणि वडील माणसांनीं तो त्यांच्याजवळ बसून वाचावा.