विजेच्या सुरांना बलुते नाही

'नागिन' चित्रपटातील बीन ऐकली नाही असे घर आपल्या बागलाणात सापडणे कठीण. वरातीत ती धून वाजली की रुमाल दातांत धरून जमिनीवर लोळणारे दोघे-तिघे निघतातच! पण ती बीन गारुड्याच्या पुंगीची नव्हे. १९५४ साली संगीतकार हेमंतकुमार यांच्यासाठी कल्याणजी वीरजी शहा (पुढे 'कल्याणजी-आनंदजी' मधले ते हेच) यांनी ती क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर वाजवली होती. म्हणजे सत्तर वर्षे आपण यंत्राच्या सुरांवर नाचत आहोत. तरीही पोरगा कानाला हेडफोन लावून असले संगीत ऐकत बसला की घरातली वडील मंडळी म्हणतात, "गाणं कुठाय त्यात? नुसती टुणटुण!"

मला तर गाणे नाही म्हणूनच ते आवडते. दिवसभर कचेरीत अर्ज, टिपण्या, जमाखर्च. संध्याकाळी बैठकांतली भाषणे. शब्दांनी डोके भरून गेलेले असते. गाण्यात दुःख कोणाचे आणि कशाचे हे कवीने आधीच ठरवलेले असते. इथे आपल्या मनात जे चालले असेल तेच सुरांत उतरते. एकाच तुकड्यात माझ्या मुलीला पाऊस ऐकू येतो, मला रात्रीची एस. टी.

मुंबईचे चरणजितसिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे कलावंत. १९८२ साली त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे घेतली. एक की-बोर्ड, एक ताल देणारे, एक खर्जाचे सूर काढणारे. त्यांवर यमन, भूपाळी, ललित, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. रेकॉर्ड निघाली, पण खपली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जाणकार थक्क झाले. कारण या धाटणीचे संगीत शिकागोत १९८७ च्या सुमारास जन्मले, असे ते मानत होते. चरणजितसिंग २०१५ साली वारले. उतारवयात का होईना, मान मिळाला.

शिकागोची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. तोच खर्जाचा डबा बाजारात पडला, कंपनीने तो बनवणेच बंद केले. कृष्णवर्णीय तरुणांनी तो जुन्या भावात, स्वस्तात उचलला, बटणे वेडीवाकडी फिरवली आणि जगाला नव्या तऱ्हेचे नाचाचे संगीत दिले.

आपल्या गावगाड्यात कोणते वाद्य कोणी वाजवायचे हे जन्मावरून ठरे. हलगी ज्याच्या गळ्यात, त्याच्यासाठी ती वेठ होती. आणि सतारीच्या बैठकीत त्याला जागा नव्हती. की-बोर्डला बलुते नाही. त्याच्या पट्ट्यांवर हलगीही निघते, सतारही निघते, आणि बोटे कोणाची हे ऐकणाऱ्याला कळत नाही. एका यंत्राने दहा वाजवणाऱ्यांची रोजी खाल्ली हेही खरे, आणि ते विसरता येत नाही. पण मजुरीतून पैसे साठवून जुना की-बोर्ड आणणाऱ्या पोराला निदान "हे तुझे काम नव्हे" असे तरी कोणी म्हणू नये.

ज्यांना ऐकून पाहायचे असेल त्यांनी चरणजितसिंगांच्या मालकंसापासून सुरुवात करावी. रात्री, जेवणे आटोपल्यावर. आवाज मात्र बेताचा ठेवावा. भिंतीपलीकडे पहाटे कांद्याच्या गोण्या उचलायला जाणारे झोपलेले असतात.