आईचे वजन आणि पिल्लाचा स्वभाव

देवळाच्या आवारात किंवा घाटरस्त्यावर माकडांची टोळी तुम्ही पाहिली असेलच. जरा निरखून पाहा. एखादे पिल्लू आईचे पोट सोडायला तयार नसते, तर त्याच्याच वयाचे दुसरे खुशाल फांद्यांवर उड्या मारते. एक भित्रे, दुसरे धीट असे का? आनुवंशिकता आणि टोळीतील अनुभव ही कारणे तुम्हाला सुचतील. ती खरीच आहेत. परंतु याचे आणखी एक मूळ आईच्या शरीरात आणि आहारात असते.

माणसांमध्ये याचा शोध घेणे कठीण असते. आहाराबरोबरच घरची परिस्थिती, शिक्षण, आजार अशा अनेक गोष्टी बदलतात. म्हणून शास्त्रज्ञ आपल्याच नरवानर गणातील माकडांकडे वळले. ऱ्हीसस माकडीण सुमारे साडेपाच महिने गर्भार असते आणि बहुधा एकाच पिल्लाला जन्म देते. तिचे खाणे, वजन आणि पिल्लाची वागणूक यांची काटेकोर नोंद ठेवता येते.

कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे केटी हाइंड आणि जॉन कॅपिटॅनिओ यांनी अशा नोंदी केल्या व २०१० साली प्रसिद्ध केल्या. वजनाने भरलेल्या आणि आधी अधिक बाळंतपणे झालेल्या माद्यांच्या दुधातून पिल्लांना जास्त ऊर्जा मिळत होती. पुढे ही पिल्ले थोड्या वेळासाठी आईपासून दूर ठेवली, तेव्हा ती अधिक हिंडली, खेळली, नव्या वस्तू चाचपू लागली. कमी ऊर्जेचे दूध मिळालेली पिल्ले बुजरी राहिली.

म्हणजे आईचे वजन जितके जास्त तितके चांगले, असे म्हणावे काय? थांबा! त्याच वर्षी ओरेगॉनमधील एलिनॉर सलिव्हन आणि सहकाऱ्यांचे जपानी माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध झाले. नेहमीच्या खाद्यात सुमारे १३ टक्के ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून येत असे. एका गटाला सुमारे ३५ टक्के असलेले खाद्य गर्भारपणातही दिले. या गटातील माद्यांची पिल्ले, विशेषतः मादी पिल्ले, अनोळखी वस्तू दिसताच जास्त घाबरू लागली. त्यांच्या मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाची व्यवस्थाही बदललेली आढळली. मनःस्थिती आणि भीती यांच्या नियमनात या रसायनाचा मोठा वाटा असतो.

एकीकडे भरलेली आई आणि धीट पिल्लू, दुसरीकडे चरबीयुक्त आहार घेणारी आई आणि भित्रे पिल्लू. हे कोडे कसे सुटावे?

तराजूचा काटा फक्त किलोग्रॅम दाखवतो. ते वजन कशाने वाढले, हे तो सांगत नाही. ओरेगॉनमधीलच माकडांवरील, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा फरक स्पष्ट झाला. चरबीयुक्त खाद्य खाऊनही काही माद्या सडसडीतच राहिल्या. तरीही त्यांच्या गर्भाच्या यकृतात जादा चरबी साठली. पुढच्या गर्भारपणात काही माद्यांचे खाद्य साधे केले. त्यांचे वजन उतरले नाही, पण गर्भाच्या यकृतातील चरबी मात्र कमी झाली. हा पुरावा यकृताचा आहे, स्वभावाचा नव्हे. तरीही वजन आणि आहार या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात, हे त्यावरून कळते.

उशिरा केलेली दुरुस्ती मात्र पुरेशी पडत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही पिल्लांना दूध तुटल्यावर साधे खाद्य दिले होते. वर्षभराची होत आली तरी त्यांची अस्वस्थता पूर्णपणे गेली नव्हती.

माकडांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्यांवरून कोणा आईला दोष देणे तर सर्वस्वी गैर ठरेल. तिच्या ताटात काय पडते, हे पुष्कळदा तिच्या हाती नसते. घरात कोणी गर्भवती असेल, तर ‘वजन किती वाढले?’ एवढेच विचारून थांबू नका; ‘तिला वेळेवर सकस जेवण मिळते का?’ हेही पाहा.

आणि पुढच्या वेळी माकडांची टोळी दिसली, तर घड्याळ लावून एक नोंद करा : कोणते पिल्लू आईपासून किती वेळ दूर राहते? त्यांना खायला मात्र काही घालू नका!