पाइप आला का वावर गेलं?

तेल-वायूच्या पाइपलाइनचा विषय निघाला की कारंजा तालुक्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘पाइप आला का वावर गेलं.’ धनजच्या चहाच्या टपरीवर ते ऐकू येतं, कारंज्याच्या बाजार समितीतही. चार बुकं शिकलेली माणसंसुद्धा ते ठासून सांगतात. हे वाक्य चुकीचं आहे आणि शेतकऱ्याला महागात पडणारं आहे.

गैरसमजाचं मूळ समजण्यासारखं आहे. समृद्धी महामार्गासाठी वाशीम जिल्ह्यात जमिनी गेल्या, त्या कायमच्या गेल्या. खरेदीखतं झाली, सातबाऱ्यावरची नावं बदलली. पुढे ‘गेल’ कंपनीची मुंबई–नागपूर–झारसुगुडा वायुवाहिनी आली आणि मुंबई ते नागपूर या टप्प्यात ती बहुतांश याच महामार्गाच्या पट्ट्यातून टाकली गेली. रस्त्यात जमीन गेली, पाइपही तिथूनच गेला. तेव्हा पाइप आपल्या धुऱ्यावर आला की आपलंही तेच होणार, असा हिशेब लोकांनी मांडला.

पण दोन्हींचे कायदे वेगळे आहेत. खासगी शेतातून अशी वाहिनी न्यायची तर 1962 चा पेट्रोलियम व खनिज वाहिनी कायदा लागतो. त्यात सरकार घेतं तो जमिनीचा वापर-हक्क. म्हणजे खालून पाइप टाकण्याचा आणि पुढे तपासणी-दुरुस्तीसाठी आत येण्याचा अधिकार. मालकी तुमचीच राहते. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात पाइपलाइनची नोंद दिसली म्हणून घाबरू नका. मालकाच्या रकान्यातलं नाव तिनं बदलत नाही. पाइप जमिनीत किमान एक मीटर खोल असला पाहिजे, असं कायद्याचं कलम 7 सांगतं. वाहिनीची अधिसूचना निघण्याआधी राहतं घर, घरालगतची जागा किंवा पक्कं बांधकाम असेल, तर तिथून वाहिनी नेताच येत नाही. काम संपलं की वाहिनीच्या पट्ट्यात सोयाबीन पेरा, तूर पेरा. कायद्याची आडकाठी नाही.

मग नुकसान काहीच नाही का? आहे, आणि ते मोठं आहे. ‘वावर गेलं’ म्हणत बसणाऱ्यांवर राग येतो तो यासाठीच, कारण या ओरड्यात खरं नुकसान कुणी मोजतच नाही. कलम 9 नुसार वापर-हक्काच्या पट्ट्यात तीन गोष्टींना मनाई आहे: बांधकाम करायचं नाही, विहीर-तलाव-बंधारा खोदायचा वा बांधायचा नाही, झाड लावायचं नाही. कोरडवाहू मुलखात याचा अर्थ काय होतो ते पाहा. दोन एकरांच्या तुकड्यातून पट्टा तिरपा गेला आणि पाण्याची जागा नेमकी त्यातच आली, तर ती विहीर कायमची हुकली. शेततळ्याचंही तेच. तिथं संत्र्याची बाग लावायचं मनात असेल, तर तेही विसरावं लागतं.

याचा मोबदला किती? वापर-हक्कापोटी त्या पट्ट्याच्या बाजारभावाच्या 10 टक्के. सगळ्या गटाच्या नव्हे, फक्त पट्ट्याच्या. पट्ट्याचा बाजारभाव 5 लाख धरला, तर हातात 50 हजार. उभं पीक, तोडलेली झाडं आणि कामामुळे झालेलं इतर नुकसान यांची भरपाई वेगळी मागता येते, कलम 10 त्यासाठीच आहे. म्हणून पंचनाम्याच्या वेळी शेतात हजर राहा. झाडं मोजून घ्या, फोटो काढून ठेवा. सक्षम प्राधिकाऱ्यानं ठरवलेली रक्कम पटली नाही, तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

दुसरा गैरसमज याच पहिल्याचं पिल्लू आहे: ‘सरकारी काम आहे, हरकत घेऊन काय होते?’ कलम 3 ची अधिसूचना भारताच्या राजपत्रात निघते. तिच्यात गाव, गट क्रमांक आणि किती हेक्टर-आर क्षेत्र लागणार हे छापलेलं असतं. त्यानंतर लेखी हरकतीसाठी 21 दिवस मिळतात. हरकत आली तर सक्षम प्राधिकाऱ्याला सुनावणी द्यावीच लागते. पट्टा धुऱ्याकडे सरकवा, विहिरीची जागा सोडा, हे सांगायची हीच वेळ. जमीन जाणारच म्हणून जो घरी बसला, त्याचे 21 दिवस गेले.

तेल-वायूबद्दलचे बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘पाइप गेला की गावाला गॅस मिळेल.’ मुख्य वाहिनीतला गॅस फार मोठ्या दाबाचा असतो. घरोघरी तो पोचवण्यासाठी वेगळं वितरण जाळं आणि नियामक मंडळाचा वेगळा परवाना लागतो.

‘पाइपमधला गॅस म्हणजे सिलिंडरचाच.’ सिलिंडरात प्रोपेन-ब्युटेन असतं, हवेपेक्षा जड. वाहिनीत मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका.

‘अशा वाहिनीला पर्यावरणाचा नियमच नाही.’ 2006 च्या अधिसूचनेनुसार अभयारण्यातून जाणाऱ्या वाहिनीला केंद्राची पर्यावरण मंजुरी लागते. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आपल्याच तालुक्यात आहे, हे लक्षात असू द्या.

‘नाणारची रिफायनरी पर्यावरण मंजुरी न मिळाल्यानं अडली.’ लोकांच्या विरोधानंतर मार्च 2019 मध्ये राज्य सरकारनं तिथल्या भूसंपादनाची अधिसूचनाच मागे घेतली.

‘कच्चं तेल उतरलं की दुसऱ्या दिवशी पंपावर भाव उतरतो.’ 16 जून 2017 पासून तेल कंपन्या भाव रोज बदलू शकतात, बदलायलाच हवा असं नाही. शिवाय केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपयांत असतं. कच्च्या तेलाबरोबर ते आपोआप कमी होत नाही.

उद्या कुणी मोजणीला आलं, तर ‘जमीन जाणार का’ हे विचारण्यात वेळ घालवू नका. अधिसूचनेची तारीख विचारा, आपला गट क्रमांक तिच्यात शोधा, पट्टा किती आर आहे ते पाहा आणि पुढच्या दहा वर्षांत विहीर, शेततळं, बाग कुठे करणार हे नकाशावर दाखवून लेखी हरकत द्या. हरकतीच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.