‘टोपे’ हें आडनांव

जाधव, पवार, शिंदे हीं आडनांवें जेथें नाहींत असें गांव महाराष्ट्रांत शोधूनच काढावें लागेल. पाटील, कुलकर्णी, देशमुख यांचेंही तेंच. वतनें सर्वत्र होतीं, म्हणून हीं आडनांवेंही सर्वत्र झालीं. पण कांहीं आडनांवें अशीं असतात कीं, तीं सर्वांच्या कानांवरून गेलेलीं असतात आणि तीं धारण करणारीं घरें मात्र थोडीं. ‘टोपे’ हें अशांपैकीं एक होय. शाळेंतील इतिहासाच्या पुस्तकांत तें प्रत्येकाला भेटतें. २०२० सालच्या महासाथीच्या वेळीं राजेश टोपे हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री असल्यामुळें तें रोज घरोघर ऐकूं आलें. आणि जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत तर एका टोप्यांच्या नांवानें एक वस्तीच वसली आहे.

ही वस्ती म्हणजे अंकुशनगर. पेशवाईच्या किंवा निजामशाहीच्या दप्तरांत तिचा शोध घेणें व्यर्थ आहे. गोदावरीच्या उत्तरेकडील या भागांत ऊंस वाढला, समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि त्या कारखान्याच्या आसऱ्यानें वस्ती जमली. कारखान्याचे संस्थापक अंकुशराव टोपे हे पुढें १९९१ सालीं जालन्याहून लोकसभेवर निवडून गेले. त्यांच्याच नांवावरून अंकुशनगर हें नांव पडलें.

आपल्याकडची नेहमींची रीत याच्या उलट आहे. गांवावरून माणसाला नांव मिळतें. पुण्याचा तो पुणेकर, सांगलीचा तो सांगलीकर, येवल्याचा तो येवलेकर. यांतील शेवटचें उदाहरण साधें नाहीं. कारण ज्या पुरुषामुळें ‘टोपे’ हा शब्द हिंदुस्थानभर गेला, तो मूळचा येवलेकरच होता.

त्याचें खरें नांव रामचंद्र पांडुरंग. जन्म सुमारें १८१४ सालचा, येवल्याचा. वडील पांडुरंगपंत दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं होते. १८१८ सालीं राज्य गेलें, बाजीराव आठ लक्षांचें वर्षासन घेऊन गंगाकांठीं ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरास, जाऊन राहिला, आणि त्याच्याबरोबर जीं मराठी कुटुंबें उत्तरेंत गेलीं त्यांत हें एक होतें. पुढें १८५९ च्या एप्रिल महिन्यांत पकडला गेल्यावर या पुरुषानें जी जबानी दिली, तींत बापाचें नांव पांडुरंग, मूळ ठिकाण नगर जिल्ह्यांतील पाटोदें परगण्यांत, आणि राहणें बिठूरचें, असा आपला पत्ता सांगितला आहे. येवलें आज नाशिक जिल्ह्यांत असल्यामुळें ‘नगर’ हा शब्द वाचून कोणी चकित होईल. परंतु नाशिक जिल्हाच मुळीं १८६९ सालीं निर्माण झाला, तोंपर्यंत तो मुलूख नगरकडे मोडत असे. जबानीनंतर अवघ्या आठ दिवसांनीं, १८ एप्रिल १८५९ रोजीं, शिवपुरी येथें त्याला फांशी देण्यांत आलें.

तेव्हां ज्याला जग तात्या टोपे म्हणून ओळखतें, त्याच्या या नांवांतील एकही शब्द त्याच्या जन्माच्या वेळचा नव्हे. ‘तात्या’ हें घरांतील वडीलधाऱ्याला हांक मारण्याचें नांव, आणि ‘टोपे’ हें मागाहून डोक्यावर चढलेलें. इंग्रजांनीं याचेंही ‘तांतिया टोपी’ असें करून टाकलें होतें.

हें ‘टोपे’ कोठून आलें, याविषयीं दोन कथा चालत आल्या आहेत. एक अशी कीं, तात्यांच्या कामगिरीवर खूष होऊन बाजीरावानें त्यांना एक मौल्यवान टोपी बक्षीस दिली आणि तेव्हांपासून लोक त्यांना टोपे म्हणूं लागले. दुसरी कथा म्हणते कीं, त्यांचा संबंध तोफखान्याशीं होता, आणि उत्तरेंत तोफेला ‘तोप’ म्हणतात, त्यावरून हें आडनांव झालें. शूर सेनापतीला टोपीपेक्षां तोफ अधिक शोभते, म्हणून दुसरी कथा पुष्कळांना आवडते. परंतु व्युत्पत्ति काय शोभतें हें पाहत नाहीं, ती वर्ण पाहते.

तोफेचा ‘त’ दंत्य आहे. मूळ तुर्की शब्दाचें हिंदींत ‘तोप’ झालें आणि मराठींत ‘तोफ’. दोन्ही ठिकाणीं पहिलें अक्षर ‘त’ हेंच राहिलें. तोफखान्याच्या नोकरीवरून मराठींत आडनांव झालें तें ‘तोफखाने’ असें झालें. टोपे यांतील ‘ट’ मूर्धन्य आहे. ‘त’ आणि ‘ट’ यांचा घोटाळा मराठी माणूस करीत नाहीं, हिंदी माणूसही करीत नाहीं. तो होतो फक्त इंग्रजी लिपींत, कारण तेथें दोन्ही वर्णांना मिळून एकच अक्षर आहे. भोपाळच्या तात्या टोपे नगराला लोक ‘टी. टी. नगर’ म्हणतात; त्या दोन ‘टीं’पैकीं पहिला मुळांत ‘त’ आहे आणि दुसरा ‘ट’, हें त्या संक्षेपांत पार बुडून गेलें आहे. तोफेची कथा इंग्रजी लेखनांतूनच अधिक पसरली असल्यास नवल नाहीं. हिंदी मुलुखानें मात्र हें नांव ‘टोपे’ असेंच जतन केलें. तेव्हां बाजीरावानें दिलेली टोपी रत्नजडित होती कीं साधी होती हा प्रश्न कथाकारांवर सोपवावा. शब्द मात्र टोपीच्याच घरचा आहे.

आणि हें घर मोठें आहे. शिरटोप, जिरेटोप, टोपा, टोपी, तान्ह्या मुलाचें टोपडें, भांड्यावरचें वा दौतीवरचें टोपण. जें वरून झांकतें तें सारें या कुळांतलें. एवढेंच नव्हे, तर मूळ नांवावर जें दुसरें नांव चढतें त्यालाही मराठींत ‘टोपणनांव’च म्हणतात. आडनांव शब्दाचा अर्थही याहून फार दूर नाहीं. आडवाट म्हणजे मुख्य वाटेची बाजूची वाट, तसें आडनांव म्हणजे मुख्य नांवाच्या आडचें, दुय्यम नांव. जुन्या पत्रांतून मनुष्य स्वतःचें आणि बापाचें नांव घालून मोकळा होई. आडनांव लोकांच्या तोंडीं असे. शेवटचा ‘ए’ हा आदरार्थी बहुवचनाचा. काळा याचें काळे, गोरा याचें गोरे, बोबडा याचें बोबडे झालें, तसेंच टोपा याचें टोपे.

येथें एक मौज सांगण्यासारखी आहे. आज्ञापत्राच्या काळापासून मराठी कागदांत युरोपियनांना ‘टोपीकर’ म्हटलेलें आढळतें. कानपूरपासून नर्मदेपलीकडेपर्यंत टोपीकरांना ज्यानें दोन वर्षें दमविलें, त्याचें आडनांव टोपे असावें, हा भाषेचा निव्वळ योगायोग आहे.

आतां हें आडनांव विरळ कां, याचें उत्तर त्याच्या जन्मांतच आहे. पाटीलकी गांवोगांव असते. टोपीवरून नांव पडण्याचा प्रसंग एखाद्याच घरावर येतो. पण तो एकाच घरावर यावा, असाही नेम नाहीं. येवल्याचे टोपे देशस्थ ब्राह्मण, अंबडकडील टोपे मराठा. टोप किंवा टोपा हा शब्द सर्वांच्याच बोलींतला असल्यामुळें तेंच टोपणनांव दोन मुलुखांत स्वतंत्रपणें पडण्यास कांहींच अडचण नव्हती. आडनांवाचें साम्य पाहून लगेच कुळाचा संबंध जुळविण्याची आपल्याकडे जी हौस आहे, तिला येथें आधार नाहीं. काळे आणि मोरे हीं आडनांवें तर कितीतरी जातींत आहेत.

घरें थोडीं असूनही कीर्ति मात्र भरपूर मिळाली. १९८४ सालीं भारत सरकारनें तात्या टोपे यांचें टपाल तिकीट काढलें, २०१६ सालीं नाणें काढलें. पुतळे शिवपुरींत आहेत, येवल्यांतही आहेत.

अंबडकडच्या टोप्यांनीं मागें ठेवलें तें एक गांवाचें नांव. त्यांत आडनांव नाहीं, फक्त ‘अंकुश’ आहे. आडनांव आलें आहे तें कारखान्याच्या नव्या नांवांत, कारण तो आतां कर्मयोगी अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जातो. पूर्वींचा काळ असता तर या वस्तींतून बाहेर पडलेलीं दोन-चार घरें परगांवीं ‘अंकुशनगरकर’ झालीं असतीं. पण शाळेच्या दाखल्यानें आणि सरकारी कागदांनीं आडनांवें कायमचीं बांधून टाकलीं, त्यानंतर हें गांव वसलें. तेथील मुलें आपापलीं जुनीं आडनांवें घेऊनच शाळेंत जातात.