आळंदी ते हिंजवडी, एकच हद्द

३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला चाकणमध्ये हिंसक वळण लागले आणि गाड्या पेटल्या. तेव्हा चाकण पुणे ग्रामीण पोलिसांकडे होते. पिंपरी-चिंचवडसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालयाचा निर्णय आधीच झालेला होता. १५ ऑगस्टला हे आयुक्तालय सुरू झाले. पहिले आयुक्त आर. के. पद्मनाभन. कारभाराला सुरुवात झाली चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये. पुढे प्रेमलोक पार्कमधली महापालिका शाळेची इमारत मिळाली.

पिंपरी, भोसरी, निगडी, वाकड, हिंजवडी ही ठाणी पुणे शहर पोलिसांकडून आली. चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव ग्रामीणकडून. त्यामुळे या हद्दीत आयटी पार्क आहे, वाहन कारखाने आहेत आणि आषाढी वारीसाठी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या जिथून निघतात ती आळंदी आणि देहूही आहे. वारीचा बंदोबस्त वर्षातून एकदा. चाकणच्या तळेगाव चौकातली कंटेनरची कोंडी मात्र रोजची. माथाडीच्या नावाखाली मागितली जाणारी खंडणी, भंगाराच्या ठेक्यावरून होणारी दमदाटी, रात्रपाळीहून पायी निघालेल्या कामगाराचा हिसकावलेला मोबाईल हे इथले नेहमीचे गुन्हे.

आयुक्तालयामुळे अधिकार जवळ आले. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ नुसार एखाद्या गुंडाला तडीपार करायचे, तर ग्रामीण भागात प्रस्ताव प्रांताधिकाऱ्यांकडे जातो. आयुक्तालयात पोलीस उपायुक्तच सुनावणी घेऊन दोन वर्षांपर्यंत हद्दपार करू शकतात. जमावबंदीसाठीही जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

मात्र नागरिकाला आयुक्तालय दिसते ते ठाणे अंमलदाराच्या टेबलावर. मे २०२१ मध्ये तेव्हाचे आयुक्त कृष्ण प्रकाश यांनी हे स्वतः तपासले. नकली दाढी लावून, सोबत पत्नीच्या वेशात सहायक आयुक्त प्रेरणा कट्टे यांना घेऊन, ते रात्री सामान्य तक्रारदार म्हणून ठाण्यांत गेले. हिंजवडी आणि वाकडला त्यांची दखल घेतली गेली. पिंपरीत त्यांनी रुग्णवाहिकेवाला कोरोना रुग्णाकडून अवाच्या सवा पैसे मागतो, अशी तक्रार केली. तिथे मात्र हे आमचे काम नाही, असे सांगून त्यांची बोळवण झाली. साहेबांची ओळख पटल्यावर ठाण्यात धावपळ उडाली.

त्या रात्रीचा धडा आजही लागू आहे. कंपनीच्या व्यवस्थापकाला वरिष्ठांची भेट मिळते. कंत्राटी कामगाराला अंमलदारापलीकडे कोणी भेटत नाही. तक्रारीसाठी एक दिवस रजा टाकली, की त्याचा रोज बुडतो. खरे तर दखलपात्र गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी तो नोंदवून घ्यावाच लागतो आणि प्रथम खबरीची प्रत फुकट द्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे स्पष्ट लिहिले आहे. ज्या दिवशी चाकणजवळच्या महाळुंग्यातल्या हेल्परची तक्रार पहिल्याच फेरीत, कोणाच्याही ओळखीशिवाय नोंदली जाईल, त्या दिवशी हे आयुक्तालय खऱ्या अर्थाने उभे राहिले असे म्हणता येईल.