कुंभाराचें बलुतें व रोख विक्री

गांवगाड्याच्या कागदांत कुंभाराचें नांव बहुधा बलुत्याच्या यादींतच आढळतें. त्यावरून तो केवळ बलुत्यावर जगे, असा समज होतो. तो पुरा खरा नाहीं.

बारा बलुतेदारांच्या तीन ओळींत कुंभाराची जागा मधली. नित्य वापराचीं मडकीं-गाडगीं व लग्नकार्यांतील घट त्यानें कुणब्यास पुरवावयाचे आणि सुगीस खळ्यावर धान्य घ्यावयाचें, ही वहिवाट. हें उत्पन्न वतनी असल्यामुळें त्याची भाऊबंदांत वांटणी होई. परंतु या गरजेपलीकडचा माल, तसेंच विटा व कौलें, यांचें मोल निराळें. तो माल आठवड्याच्या बाजारीं किंवा घर बांधणाराकडे जाई.

ह्या स्वतंत्र विक्रींत जोखीम मोठी. लीद घालून मळलेल्या मातीचें, चाकावर घडवून थापटण्यानें वाढविलेलें भांडें आव्यांत तडकलें, तर मेहनत व जळण दोन्ही व्यर्थ. पावसाळ्यांत माल वाळत नाहीं. तेव्हां बलुत्याचें धान्यच घर चालवी. पुढें इ. स. १८६५ मध्यें बासेल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढिला. तीं चपटीं कौलें जसजशीं पसरलीं, तसतशी चाकावरील नळीच्या कौलांची रोख मिळकत आटली.

म्हणून संग्राहकांनीं बलुत्याच्या यादीबरोबर वाड्याच्या बांधकामाचे हिशेबही जपून ठेवावे. त्यांत विटा-कौलांबद्दल कुंभाराच्या नांवें रोख रक्कम पडली असल्यास, ती बलुत्याबाहेरची मिळकत समजावी.